धडा, व्याकरण आणि निबंध : एकाच वहीत

१९३० च्या दशकात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दोन प्राध्यापक शिकवत होते. मराठी गद्य कसे लिहावे आणि मराठी पद्य कसे मोजावे, याबाबत महाराष्ट्रातले लिहिते-वाचते लोक त्यांच्याकडे पाहत असत. तरीही दोघांपैकी मराठीचा प्राध्यापक एकही नव्हता. ना. सी. फडके तत्त्वज्ञान शिकवायचे. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन, फारसी शिकवायचे. फडक्यांनी मराठीत लघुनिबंध रुजवला आणि १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीच्या तंत्राची उघड चर्चा केली. पटवर्धनांनी ‘छंदोरचना’ सिद्ध केली, ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. ‘छंदोरचने’बद्दल १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. त्याच वर्षी शिरोड्याच्या शाळेतली अठरा वर्षांची मास्तरकी संपवून वि. स. खांडेकर कोल्हापुरात राहायला आले. कादंबरीकार म्हणून त्यांचे नाव झालेले होतेच. लघुनिबंधातही फडक्यांच्या जोडीने त्यांचेच नाव घेतले जाई.

या तिघांची मते जुळत नव्हती. फडके आणि खांडेकर यांच्या साहित्यविषयक भूमिकांवर तर पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले. पण कामाची रीत एक होती. वाचलेल्या मजकुराची बांधणी तपासायची, तिचे नियम शोधायचे आणि मग स्वतः लिहायचे. पटवर्धन कविता लिहीत आणि मात्राही मोजत. फडके गोष्ट लिहीत आणि गोष्ट कशी उभी राहते हेही सांगत. खांडेकर वर्गात मुलांना शिकवता शिकवता लेखक झाले. साहित्य, व्याकरण आणि लेखन या तीन वेगळ्या खोल्या आहेत असे त्यांच्यापैकी कोणी मानले नाही.

शाळांनी मात्र ते मानले आहे. प्रस्तुत पाठमाला त्या भिंती पाडण्यासाठी तयार झाली आहे. अभिजात मराठी साहित्य, व्याकरण आणि निबंधलेखन एकाच पाठात, एकाच उताऱ्यावरून आणि एकाच वहीत शिकवता येते, तसे शिकवले तरच तिन्ही विषय मुलांच्या अंगी लागतात, हे तिचे म्हणणे आहे. ही प्रस्तावना त्या म्हणण्यामागचा इतिहास, त्याची कारणे आणि त्याची वर्गातली रीत मांडते.

दहावीच्या मराठी प्रथम भाषेची ८० गुणांची कृतिपत्रिका समोर धरली की अडचण लगेच ध्यानात येते. गद्य १८ गुण, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६, उपयोजित लेखन २४. परीक्षेला अशी विभागणी लागते. गुण कुठे ना कुठे मांडावेच लागतात. घोटाळा होतो तो ही विभागणी मागे सरकत वर्षभराच्या वेळापत्रकात शिरते तेव्हा. सोमवारी धडा, बुधवारी समास, शनिवारी निबंध. धड्यातल्या वाक्यांचा समासाशी संबंध नाही आणि समासाचा निबंधाशी नाही.

परिणाम ठरलेले आहेत. धड्याचे रूपांतर प्रश्नोत्तरांत होते. व्याकरणाची उदाहरणे कुठूनही उचललेली असतात: राम आंबा खातो, सीता पाणी भरते. ही वाक्ये कोणी, कोणाला, कधी म्हटली याच्याशी कोणाला देणेघेणे नसते. आणि निबंध मार्गदर्शकातून येतो. ‘पाऊस पडला नाही तर’, ‘एका शेतकऱ्याचे मनोगत’, ‘विज्ञान : शाप की वरदान’ हे विषय वाईट नाहीत. पण शिरोळ तालुक्यातला ऊस उत्पादकाचा मुलगा ‘शेतकऱ्याचे मनोगत’ लिहिताना स्वतःच्या वडिलांचे एकही वाक्य वापरत नाही. मार्गदर्शकातल्या शेतकऱ्याचे पाठ केलेले हुंदके उतरवून काढतो. त्याला भाषा येत नाही असे नाही. आपली भाषा निबंधात चालते हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

आपल्याकडे हे नेहमी असेच नव्हते. संस्कृतात वलभीच्या भट्टीने सातव्या शतकाच्या सुमारास ‘रावणवध’ हे महाकाव्य रचले. लोक त्याला भट्टिकाव्य म्हणून ओळखतात. बावीस सर्गांत रामकथा पुढे सरकत जाते आणि तिच्यासोबत पाणिनीच्या नियमांची उदाहरणेही क्रमाने येत जातात. काव्य वाचणारा व्याकरण शिकतो आणि व्याकरण शिकणारा काव्य वाचतो. मराठीतही व्याकरणविचाराची सुरुवात ग्रंथ नीट समजून घेण्याच्या गरजेतून झाली; महानुभाव पंथातल्या भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ हे या वाटेवरचे आद्य लेखन मानले जाते.

छापखाना आल्यावरही ही सोबत सुटली नव्हती. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये निघाले. १८५४ मध्ये परशुराम बल्लाळ गोडबोले यांनी जुन्या मराठी कवितेचे वेचे एकत्र करून ‘नवनीत’ काढले आणि शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. ‘वृत्तदर्पण’ हे वृत्तांचे पुस्तकही याच गोडबोल्यांचे. कविता हातात देणारा आणि तिचे माप समजावणारा माणूस एकच होता. १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. मालेचा पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तेव्हाच्या स्थितीवर होता. पुढच्या काळात घरोघरी पोचलेल्या मो. रा. वाळंबे यांच्या पुस्तकाचे नावच ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ आहे. व्याकरण आणि लेखन यांच्यामध्ये त्या शीर्षकात एक स्वल्पविरामसुद्धा नाही.

ही परंपरा पंडितांपुरती राहिली असती तर तिचा आजच्या वर्गाला फारसा उपयोग नव्हता. ती खेड्यातल्या शाळेत कशी उतरली, याचा मराठीतला सर्वांत बोलका दाखला कोल्हापूर जिल्ह्यातलाच आहे. आनंद यादव १९३५ मध्ये कागलला जन्मले. वडिलांनी शाळेतून काढून शेतावर जुंपलेला हा मुलगा शिकण्यासाठी काय काय करतो, याची हकिकत त्यांच्या ‘झोंबी’त आहे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

त्यात सौंदलगेकर मास्तर भेटतात. मराठी शिकवताना ते कविता नुसती वाचून दाखवत नसत. चालीवर म्हणत, हावभाव करत, त्या वृत्तातली दुसरी कविता आठवली तर तीही म्हणत. जुन्या-नव्या कविता त्यांना मुखोद्गत होत्या आणि ते स्वतःही कविता करत. मुलगा मळ्यात पाणी पाजताना, म्हशी राखताना त्या कविता त्याच चालीत म्हणू लागला. मग चाली बदलून पाहू लागला. मग स्वतः जुळवू लागला. कागद-पेन्सील जवळ नसली की म्हशीच्या पाठीवर काठीने, नाहीतर दगडावर खड्याने ओळी लिहू लागला. लिहिलेले घेऊन तो मास्तरांकडे गेला की मास्तर त्याला कवितेची भाषा, छंद, अलंकार आणि शुद्धलेखन या साऱ्यांबद्दल बोलता बोलता सांगत.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी कविता कानावर पडली. मग ती तोंडात बसली. मग स्वतःची ओळ जुळली. आणि छंद, अलंकार, शुद्धलेखन हे व्याकरण आले ते त्या स्वतःच्या ओळीवर. मुलाला नियमाची गरज निर्माण झाली होती, म्हणून नियम त्याच्या लक्षात राहिला. आणखी एक गोष्ट घडली. मास्तरांच्या दारात मालतीची वेल होती आणि तिच्यावर त्यांनी कविता केली होती. मुलाने वेल पाहिली होती आणि कविताही वाचली होती. आपल्या आजूबाजूच्या, रोजच्या दिसण्यातल्या गोष्टींवरही लिहिता येते, हे त्याला त्या दिवशी कळले. पुढे हाच मुलगा पुणे विद्यापीठात मराठी विभागाचा प्रमुख झाला. ‘झोंबी’तली ही प्रकरणे शिक्षकांनी अध्यापनशास्त्राचे पुस्तक म्हणून वाचावीत, असा या पाठमालेचा आग्रह आहे.

आता वर्गातली रीत. तिच्यासाठी निवडलेले उतारे शक्यतो कोल्हापूरच्या मातीतले आहेत, कारण इथे त्यांची कमतरता नाही.

पहिला पाठ रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चा आहे. शिवाजी महाराजांच्या काळापासून स्वराज्याची सेवा केलेल्या या मुत्सद्द्याने कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, १७१५-१६ च्या सुमारास, राज्यकारभाराची ही नीती लिहून ठेवली. त्यातला आरमारासाठी लाकूड मिळवण्याबद्दलचा भाग पाठात घेतला आहे. त्याचा आशय असा: जहाजांना लाकूड लागते, पण म्हणून वाटेल ते झाड तोडायचे नाही. आंबा, फणस ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. अगदी जीर्ण झालेले झाड असेल तर धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन न्यावे. बळजोरी करू नये.

पहिल्या वाचनात मुलांनी हा उतारा मोठ्याने वाचायचा, अडलेल्या शब्दांचे अर्थ विचारायचे, एवढेच. दुसऱ्या वाचनात क्रियापदांखाली रेघा मारायच्या. वर्गाला थोड्याच वेळात दिसते की सरकारी हुकूम असूनही त्यात ‘तोडा’, ‘तोडू नका’ अशी रूपे नाहीत. ‘तोडावे’, ‘करू नये’ अशा वळणाची आहेत. म्हणजे आज्ञार्थ नाही, विध्यर्थ आहे. हा फरक का? आज्ञार्थ समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलतो. विध्यर्थ कर्तव्य सांगतो; ते आज वाचणाऱ्याला लागू असते आणि पन्नास वर्षांनी वाचणाऱ्यालाही. मग प्रयोग येतो. ‘अधिकाऱ्याने मोबदला द्यावा’, ‘अधिकाऱ्याने किंमत द्यावी’, ‘अधिकाऱ्याने पैसे द्यावेत’: कर्ता एकच, पण क्रियापद मोबदल्याच्या, किमतीच्या, पैशांच्या मागे जाते. कर्मणी प्रयोगाची व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वीच मुलांनी ती पाहिलेली असते.

तिसऱ्या वाचनात बांधणी शोधायची. प्रत्येक निर्बंधापाठोपाठ कारण आहे, कारणापाठोपाठ अपवाद आहे आणि अपवादाला अट आहे. एवढे हाती आले की लेखन. विषय गावातला, उदाहरणार्थ कोल्हापूरचा रंकाळा तलाव. या पाठाआधी याच विषयावर लिहायला सांगितले तर ‘रंकाळा वाचवा’, ‘स्वच्छ रंकाळा, सुंदर रंकाळा’ अशा घोषणा येतात. पाठानंतर अपेक्षा असते ती अशा लेखनाची: ‘तळ्यात निर्माल्य सोडू नये. हे पाणी नदीसारखे वाहते नाही. टाकलेले इथेच कुजते आणि काठावरच्या वस्तीला त्याचा वास सोसावा लागतो. निर्माल्य आणलेच असेल तर ते कुंडात ठेवावे. पिशवी मात्र घरी न्यावी.’ विध्यर्थ, कारण, अपवाद, अट. तीनशे वर्षांपूर्वीच्या गद्याने नववीच्या मुलाला परिच्छेद बांधायला शिकवले. वृक्षतोडीवरचा पाठ केलेला निबंध त्याला पुन्हा लागणार नाही.

दुसरा पाठ पन्हाळ्याचा आहे. कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये तिथे झाला, शिक्षणही तिथेच, केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे. पुढे ते बारामतीला गेले. त्यांच्या आर्या आजच्या मुलांना अवघड जातात, हे खरे आहे. म्हणून या पाठाचे दार वेगळे ठेवले आहे. पंतांनी रामकथा कित्येक प्रकारांनी, दर वेळी भाषेवर नवे बंधन घालून रचली. त्यांतले एक ‘निरोष्ठ रामायण’, म्हणजे ओठांना ओठ न लावता म्हणायचे. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजने वर्ज्य.

वर्गाला आधी फक्त हे बंधन सांगायचे आणि रामायणातली पात्रे फळ्यावर लिहायला लावायची. रावण चालतो. राम चालत नाही! लक्ष्मण, भरत, हनुमान, बिभीषण सगळे बाद. सीता, दशरथ, जानकी राहतात. मग रामाला हाक कशी मारायची? राघव. वर्णमालेचा जो तक्ता पाचवीपासून भिंतीवर लटकत होता आणि कोणी वाचत नव्हते, तो या टप्प्यावर मुले स्वतःहून पाहू लागतात. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही नावे पाठ करण्याची नसून तोंडात सापडण्याची आहेत, हे बोट ओठांवर ठेवून उच्चार केला की कळते.

मग त्याच बंधनात पावसावर चार वाक्ये लिहायची. ‘पाऊस’ हा शब्दच गेला. ‘मी’, ‘माझा’, ‘आम्ही’, ‘आपण’ गेले, म्हणजे प्रथमपुरुषी सर्वनामे एका फटक्यात संपली. ‘पण’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘मग’ ही वाक्ये जोडणारी अव्ययेही गेली. ‘तरी’, ‘नंतर’, ‘आणि’ उरली. ‘कोल्हापूर’ लिहिता येत नाही, ‘करवीर’ लिहिता येते. अडखळत, खोडत मुले लिहितात: ‘सरी आल्या. अंगण ओले झाले. छत्री घरीच राहिली.’ या खटाटोपात निबंधाच्या दृष्टीने दोन मोठ्या गोष्टी घडतात. एक, ‘मी’ नसतानाही लिहिता येते आणि तेव्हा डोळे बाहेरच्या वस्तूंकडे वळतात. दोन, ‘पण’ आणि ‘म्हणून’ यांवर आपला निबंध किती टेकलेला असतो, हे ते काढून घेतल्यावरच समजते. यानंतर पंतांच्या दोन-चार आर्या म्हणून दाखवल्या तर वर्ग त्या वेगळ्या कानाने ऐकतो, कारण असे रचणे काय असते ते मुलांनी आता करून पाहिलेले असते.

बोलीचा प्रश्न इथे टाळता येणार नाही. कोल्हापुरातले मूल घरात ‘काय करालाईस?’ असे विचारते आणि ‘जेवालोय’ असे उत्तर ऐकते. तेच रूप वहीत आले की लाल रेघ बसते. मुलगी ‘मी शाळेत गेलो’ असे लिहिते तेव्हा तर वर्गात हसू उठते. ही पाठमाला त्या जागी थांबायला सांगते. ‘जेवालोय, जेवालाईस, जेवालाय’ ही अपूर्ण वर्तमानकाळाची नियमित रूपे आहेत. पुरुषाप्रमाणे ती नेमकी बदलतात. आणि ‘मी गेलो’ म्हणणाऱ्या मुलीच्या बोलीत प्रथमपुरुषी एकवचनात लिंगभेद नाही, एवढाच फरक आहे. प्रमाण मराठीत तरी ‘आम्ही गेलो’ यात तो कुठे असतो? मुली म्हणोत वा मुलगे, रूप तेच. ‘मी जाईन’ यातही तो नाही. प्रमाण भाषेने काही जागी लिंगभेद ठेवला आणि काही जागी ठेवला नाही. इथल्या बोलीने आणखी एका जागी ठेवला नाही. एवढे समजावले की मुलीला प्रमाण रूप शिकताना आपल्या आईची भाषा टाकून द्यावी लागत नाही. क्रियापदाच्या रूपांचा तक्ता तिला शेजारणीपेक्षा चांगला कळतो, कारण तिच्यापाशी तुलनेला दोन तक्ते असतात.

आणि अशा भाषेत साहित्य होते का, या शंकेलाही याच जिल्ह्याने उत्तर दिले आहे. यादवांची १९७१ मधली ‘गोतावळा’ ही कादंबरी पूर्णपणे बोलीत आहे. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी गावाकडची बोली कथेत आणली आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळात मराठीचे विशेषाधिकारी म्हणून कामही केले. बोलीत लिहिणारा कथाकार प्रमाण पाठ्यपुस्तकांच्या कामात होता, यात विसंगती नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने शेकडो गावांत पाणी आणले. आज नववी-दहावीत असलेल्या कित्येक मुलांना तो आठवतो, आणि जुलै २०२१ चा तर नक्कीच. ‘मी पाहिलेला पूर’ या पाठात निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसांचे बोलणे त्यांच्या बोलीत, अशी अट घातली आहे. अवतरणचिन्हे, स्वल्पविराम, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथन हे सारे व्याकरण त्या एका अटीतून मागे मागे येते. गोठ्यातून जनावरे सोडताना आजोबा जे ओरडले ते तसेच्या तसे लिहायचे असेल, तर विरामचिन्ह कुठे द्यायचे हे मूल आपणहून विचारते.

शुद्धलेखनाबाबत एक इशारा. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये चौदा होते, १९७२ पर्यंत ते अठरा झाले. त्याआधी छापलेले खांडेकरांचे कोणतेही पुस्तक उघडले तर ‘घरांत’, ‘करणें’ अशा अनुस्वारांनी पान भरलेले दिसते. मुले विचारतात, एवढे मोठे लेखक आणि इतक्या चुका? या प्रश्नाचे स्वागत करावे. जुन्या लेखनात ‘मी गेलों’ आणि ‘मीं केलें’ यांतला ‘मी’ वेगळा लिहीत: पहिला प्रथमा विभक्तीतला, दुसरा तृतीयेतला. अनुस्वार गेला तरी विभक्ती तिथेच आहे. म्हणून ‘मी पुस्तक वाचले’ यात क्रियापद ‘मी’कडे न पाहता पुस्तकाकडे पाहते. जुन्या छपाईचे एक पान हे विभक्ती आणि प्रयोग शिकवण्याचे उत्तम साधन आहे. वाचनालयांत अशी पुस्तके अजून मिळतात. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासूनचे आहे.

वही तपासण्याची रीतही बदलावी लागेल. पाठात जे शिकवले तेवढेच त्या आठवड्यात तपासावे. विध्यर्थाचा पाठ असेल तर विध्यर्थ आणि कारणांची जोडणी पाहावी. ऱ्हस्व-दीर्घ पुढच्या पाठात. लाल शाईने माखलेली वही परत मिळालेले मूल चुका वाचत नाही, मिटून ठेवते. शिक्षकाने एकच गोष्ट दाखवली तर ते ती दुरुस्त करते, हा कित्येक शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे.

या रीतीला बाहेरच्या अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेत १९६३ मध्ये रिचर्ड ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी लेखन-अध्यापनावरच्या संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा, सुटे व्याकरण शिकवून मुलांचे लेखन सुधारत नाही, उलट लेखनाचा वेळ खाल्ला जातो, असा निष्कर्ष निघाला. २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांच्या अहवालातही सुट्या व्याकरणाबाबत तसेच आढळले. मात्र छोटी वाक्ये जोडून मोठे वाक्य घडवण्याचा सराव उपयोगी ठरला. हे अभ्यास इंग्रजीचे आहेत. मराठीत विभक्ती, सामान्यरूप आणि प्रयोग यांचा भार जास्त, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येत नाहीत. पण वाक्ये जोडण्याचा तो सराव आपल्या जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत वाक्यसंश्लेषण या नावाने होताच. तो मागे पडला, तो परत आणायचा आहे.

आक्षेप येणार, आणि ते रास्त आहेत. वर्गात साठ मुले, तासिका पस्तीस मिनिटांची, अभ्यासक्रम संपवायचा, निकाल दाखवायचा. त्यासाठी प्रत्येक पाठ दोन तासिकांत बसवला आहे: पहिलीत वाचन आणि व्याकरण, दुसरीत लेखन. मुले जोडीने लिहितात, म्हणजे साठ वह्यांच्या तीस होतात. पाठांतून भाषाभ्यासाचे नेहमीचे घटक सुटत नाहीत. कोणत्या पाठात प्रयोग आहे, कोणत्यात समास, कोणत्यात वृत्त, याचा तक्ता सोबत दिला आहे. परीक्षेच्या पाचही विभागांची तयारी होते. फक्त ती पाच वेगळ्या वाटांनी होत नाही. जुनी मराठी आपल्यालाच नीट येत नाही, असे काही शिक्षक मोकळेपणाने म्हणतात. त्यांच्यासाठी प्रत्येक उताऱ्याखाली शब्दार्थ आणि आजच्या मराठीतला आशय आहे. मुलांसोबत शिक्षकही अडखळत वाचत असेल तर त्यात कमीपणा नाही. मुलांना त्यातून शब्द शोधण्याची पद्धत दिसते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दर्जाचा खरा उपयोग व्हायचा तर ‘लीळाचरित्रा’ची छोटी, नेमकी वाक्ये, ‘आज्ञापत्रा’तला विध्यर्थ आणि मोरोपंतांच्या ‘केकावली’तले पृथ्वीवृत्त सातवी ते दहावीच्या वर्गांत पोचली पाहिजेत आणि त्यातून मुलांचे लेखन घडले पाहिजे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला तेव्हा अक्षर सर्वांच्या दारी नेणे हे काम होते. ते अक्षर हातात आलेल्या मुलाला स्वतःचे म्हणणे मांडता येईल अशी भाषा देणे, हे त्याच कामाचे पुढचे पाऊल आहे.

पाठांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे: आधी गद्य, मग पद्य, आधी सूचना आणि वर्णन, मग कथन, शेवटी वैचारिक निबंध. जूनमध्ये ‘आज्ञापत्रा’ने सुरुवात केली तर दिवाळीपर्यंत पहिला टप्पा पुरा होतो. शिक्षकांनी प्रत्येक लेखन वर्गासोबत स्वतःही करावे आणि मुलांना वाचून दाखवावे, एवढी एक अट पाठमालेत सक्तीची ठेवली आहे. बाकी सारे बदलता येण्याजोगे आहे. गारगोटीच्या, आजऱ्याच्या शिक्षकाने आपल्या भागातला लेखक घ्यावा, पन्हाळ्याच्या शिक्षकाने मुलांना घेऊन गडावरच पाठ करावा.

एक काम मात्र या पाठमालेत झालेले नाही. गडहिंग्लज आणि शिरोळ तालुक्यांतल्या कित्येक मुलांच्या घरी कन्नड बोलतात, आणि निपाणी-बेळगाव भागात मराठी शाळांतली मुले दोन भाषांच्या मधोमध वाढतात. त्यांच्या मराठीत लिंग आणि विभक्ती जिथे वेगळ्या पडतात तिथे कारण वेगळे असते, म्हणून उतारे आणि सरावही वेगळे लागतील. ते तयार करणे दोन्ही भाषा जाणणाऱ्या शिक्षकांनाच जमेल. त्यांनी ते हाती घ्यावे, त्यासाठी इथला मजकूर हवा तसा मोडून वापरावा, आणि पुढच्या आवृत्तीत आपला भाग जोडावा.